सात किलोची लिव्हर

३ फेब्रुवारी

शर्यतीच्या तपासनीसांच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात. तारीख, काय बसवलं, ओढायला किती जोर लागला, कोणी बसवलं, खाली सही. माझं तोंड काही आकड्यांत मावत नाही, म्हणून ही दुसरी वही. ही कोणाला दाखवायची नाही.

तर झालं असं, की आमचा फिटर गेला. दुसऱ्या गाडीवाल्यांनी बोलावलं आणि हा आपली हत्यारं डब्यात भरून चहासुद्धा न घेता चालता झाला. बारा वर्षं आमच्या शेडमध्ये होता. हे त्याला दारापर्यंत सोडून आले आणि मला म्हणाले, "छत्रीची लिव्हर आता तू बसवायची."

मी म्हटलं, "अहो, मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते."

"छत्री कोण शिवतं?"

"मी."

"घडी कोण घालतं?"

"मीच."

"मग ती उघडणाऱ्या एका तारेचं एवढं काय घेऊन बसलीस?"

छत्री म्हणजे पॅराशूट. आमच्या घरात त्याला छत्रीच म्हणतात. ह्यांची गाडी एकाच सरळ रेषेत पळते, जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर, आणि शेवटी शेवटी ताशी तीनशे किलोमीटरच्या जवळ पोचते. त्या वेगाला नुसते ब्रेक पुरत नाहीत. म्हणून इंजिन बंद करायचं आणि उजव्या हाताची लिव्हर ओढायची. लिव्हर केबल ओढते, केबल मागची पिन काढते, पिन निघाली की स्प्रिंग एक छोटी छत्री बाहेर फेकते आणि ती वारा धरून मोठीला ओढून काढते. नाही उघडली तर पुढे वाळू आहे आणि वाळूच्या पुढे भिंत. सव्वीस वर्षं मी घडी घालतेय, माझ्या छत्रीने एकदाही दगा दिलेला नाही. पण घडी वेगळी आणि लिव्हर वेगळी. मला आज जेवण गेलं नाही.

ह्यांचा आजवरचा सर्वांत जास्त वेग दोनशे शहाण्णव. तीनशे हवेत. सहा वर्षं तोच एक ध्यास. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शर्यत आहे. साठी आली, आता यंदा नाही तर कधी, असं स्वतःच म्हणतात आणि वर मलाच विचारतात, "मी म्हातारा दिसतो का गं?"

७ फेब्रुवारी

लिव्हर बसवली आणि पहिल्याच फटक्यात चुकले. ह्यांना घरच्या शर्टात सीटवर बसवलं, हात कुठे पोचतो तिथे खडूने खूण केली, भोकं पाडली, नट आवळले. भावजी कोपऱ्यात उभे राहून गालातल्या गालात हसत होते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, इंजिनाचं सगळं तेच बघतात. ते असे हसले की मला सावध व्हायला हवं.

"वहिनी, आता दादाला सगळा साज चढवा," म्हणाले.

चढवला. जाड सूट, हातमोजे, हेल्मेट, खांद्यावरचे पट्टे करकचून. आणि ह्यांचा हात लिव्हरच्या चार बोटं अलीकडेच थांबला. पट्टे आवळल्यावर खांदा पुढे येतोय कशाला!

"आधी सांगायला तोंड दुखत होतं का?"

"सांगितलं असतं तर जन्मभर लक्षात राहिलं नसतं, वहिनी."

दोन भोकं फुकट गेली. परत सगळं मोजलं, या वेळी पूर्ण साज घालून आणि ह्यांचे डोळे मिटून. तपासणीत डोळ्यांवर पट्टी बांधूनच बघतात. धुरात, घाबरलेल्या माणसाच्या हाताला लिव्हर आपोआप सापडली पाहिजे. संध्याकाळी चौथ्यांदा ह्यांनी डोळे मिटून हात टाकला आणि लिव्हर बरोबर मुठीत आली. मला इतका आनंद झाला की मी हेल्मेटवरच टपली मारली.

१२ फेब्रुवारी

आज ओढ मोजली. लेकीने प्रवासाच्या बॅगा तोलायला हुकाचा काटा घेतला होता, तो घरातच विसरून गेली. तो लिव्हरला अडकवला आणि ओढला. अकरा किलो.

"जड आहे," हे म्हणाले.

जड होतीच. फिटरने केबल मागच्या चाकापाशी काटकोनात वळवली होती, मीही तीच वाट ठेवली होती. पण दोरा कोपऱ्यात अडकतो हे मला कोणी शिकवायला नको. केबल काढली, बाहेरून ऐसपैस वळण दिलं, वीत-वीतभर अंतरावर पट्ट्यांनी धरली. सात किलो! भावजींनी दोन बोटांनी ओढून पाहिली आणि म्हणाले, "लोणी आहे, वहिनी, लोणी."

मग हे बसले. ओढली. पिन निघाली, पण हे म्हणाले, "अजून जड आहे."

आमच्या शेडचा एक नियम आहे. सीटवर बसणाऱ्याचा शब्द शेवटचा. बाहेर उभं राहणाऱ्याने "मला तर हलकी वाटते" असं म्हणायचं नाही, कारण तीनशेने तो जाणार असतो, आपण नाही. म्हणून मी गप्प बसले. भावजीही गप्प बसले, ते मात्र नवलच. एरवी त्यांना गप्प करायला इंजिन सुरू करावं लागतं.

१६ फेब्रुवारी

या वर्षी घरातलं सगळंच घट्ट झालंय. शेडचं कुलूप ह्यांच्या हातून उघडेना, तर मी त्यात तेल सोडलं. न्हाणीघरातला नळ घट्ट, तर त्याचा वायसर बदलला. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट. ते उघडून दिलं तर म्हणतात, "तुझ्या हातात जादू आहे." माझ्या हातात कसली जादू, सुई धरून धरून अंगठा दुखतो नुसता.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. त्याला सीटवर झेब्र्याचे पट्टे हवेत. म्हटलं, गाडी तुमची, डोळे तुमचे.

२० फेब्रुवारी

केबल धुऊन, सुकवून, आतून नवं ग्रीस भरलं. साडेपाच किलो. हे म्हणतात, अजून जड.

२५ फेब्रुवारी

हे लिहिताना मला हसू येतंय. गेले काही दिवस ह्यांनी नवीन सुरू केलंय. सकाळी शर्ट अंगात घालतात, बटणं उघडी टाकतात आणि माझ्यासमोर येऊन उभे राहतात. "लाव गं." पहिल्यांदा मी म्हटलं, हात मोडलेत का? तर म्हणाले, "तू लावलीस की दिवस चांगला जातो."

साठाव्या वर्षी हे नखरे! लग्नाला एकतीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी कधी असे जवळ येऊन उभे राहिले नाहीत, तेव्हा सगळा जीव कार्बोरेटरमध्ये. आता मी खालून वर एकेक बटण लावते आणि हे माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत उभे असतात. आज वरचं बटण लावताना मी मुद्दाम उशीर केला. लिहायला लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय.

लेकीला फोनवर सांगितलं. ती हसली आणि मग म्हणाली, "आई, बाबा परवा व्हिडिओवर डाव्या हाताने का जेवत होते?" मी म्हटलं, एका हाताने फोन धरला की दुसऱ्यानेच जेवणार ना. हिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

२ मार्च

आता पिनेकडे वळले. पिन जिथे घासते तिथे पॉलिश पेपरने घासून घासून आरसा केला. चार किलो. हे बसले, ओढली आणि म्हणाले, "थोडी अजून."

मला आता माझ्याच कामाची शंका यायला लागलीय. फिटरच्या हातची लिव्हर ह्यांनी बारा वर्षं ओढली, तेव्हा एकदा तक्रार नाही. म्हणजे मी कुठेतरी कमी पडतेय. हे मला दुखवायचं नाही म्हणून "चुकलंय" म्हणत नाहीत, नुसतं "थोडी अजून" म्हणतात. स्वभावच तसा आहे.

शर्यतीचा अर्जही मलाच भरायला लावला. "तुझं अक्षर मोत्यासारखं." माझं अक्षर! मी कापडावर खडूने लिहिते ते माझं मलाच वाचता येत नाही.

६ मार्च

पिन दीड बोट आत जायची, ती एक बोटच आत जाईल अशी केली. लिव्हरही चार बोटं लांब केली. तीन किलो. ह्यांनी ओढली आणि म्हणाले, "आता झकास."

अगंबाई, सुटले! पण भावजी मागे गेले, वाकून पिन पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, फार गुळगुळीत झालीय. आणि आखूड."

"मग तुमच्या दादांना सांगा."

ते दादांकडे गेले नाहीत. फडक्याने हात पुसत बसले, पुसलेलेच परत पुसत. मी म्हटलं, सीटवर बसणाऱ्याचा शब्द शेवटचा ना? तर "हो, नियम आहे खरा" एवढंच म्हणाले.

१५ मार्च, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज चाचणी होती. मी धावपट्टीच्या मध्यावर, कुंपणाच्या मागे उभी होते. गाडी सुटली, माझ्यासमोरून गेली आणि काँक्रीटच्या जोडावरून जाताना तिने एक हिसका खाल्ला. तेवढा हिसका पुरला. पिन आपोआप निसटली. इंजिन पुरतं पेटलेलं आणि मागे छत्री उघडलेली. गाडीचं मागचं अंग उचललं, ती डावीकडे खेचली गेली, आता कुंपणात जाते की काय असं वाटलं, आणि मग कशीबशी आडवी होऊन थांबली. कुंपणापासून गाडीभर अंतरावर.

मी धावले म्हणे. मला आठवत नाही. आठवतंय ते एवढंच की ह्यांचं हेल्मेट मी काढलं आणि ह्यांचा चेहरा पांढरा होता आणि हे म्हणाले, "काही नाही गं, वाऱ्याने उघडली असेल."

वाऱ्याने नाही. मी पिन पाहिली. माझ्याच हातांनी आरसा केलेली.

१६ मार्च

तपासनीसांच्या वहीत आज मी स्वतः लिहिलं: "पिन सैल. छत्री वेळेआधी उघडली. चूक जोडणाऱ्याची." खाली माझी सही. हे शेजारी उभे होते. म्हणाले, "असं लिहू नकोस." मी म्हटलं, मग काय लिहू, वाऱ्याची चूक?

सव्वीस वर्षांची अब्रू एका ओळीत गेली, त्याचं नाही वाईट वाटत. मी माझ्या माणसाला जवळजवळ मारलं होतं.

१८ मार्च

दोन दिवस शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. आज गेले, ते ठरवून. नवी पिन घातली, पहिलीपेक्षाही खरबरीत, दीड बोटाची. लिव्हरची लांबी पहिल्यासारखी केली. काटा लावला. सात किलो, ना कमी ना जास्त. मग भावजींना म्हटलं, मला सीटवर बसवा. ह्या सात किलोत काय जड आहे ते माझं मलाच बघू दे.

"वहिनी, राहू दे ना."

"बांधा म्हणते ना."

हेल्मेट घातलं, हातमोजे घातले, त्यांनी पट्टे आवळले. मी डोळे मिटले आणि हात टाकला. लिव्हर मुठीत आली. ओढली.

निघाली. खळकन.

भावजींनी पिन परत बसवली, मी परत ओढली. तिसऱ्यांदा फक्त तीन बोटांनी. माझा हा शिंपिणीचा दुखरा हात, छप्पन्न वर्षांचा. हेल्मेट काढून मी विचारलं, "भावजी, ही जड आहे का हो?"

"नाही, वहिनी."

"मग ह्यांना का लागते?"

त्यांनी फडकं उचललं आणि हात पुसायला लागले.

मी तिथेच पट्ट्यांत बसून राहिले. कुलूप आठवलं. नळ, बरणी, मोत्यासारखं अक्षर. चहा आताशा कपाऐवजी पेल्यातून, दोन्ही हातांत धरून पितात, आणि मला वाटलं थंडी वाजते. लेक डाव्या हाताचं म्हणाली तेव्हा मी तिलाच उडवून लावलं. घरात काहीसुद्धा घट्ट झालेलं नव्हतं. मी वेडी घरभर तेल सोडत फिरत होते.

"कधीपासून?"

"सात-आठ महिने झाले. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं म्हणाला. पकड राहत नाही. मला शपथ घातली होती, वहिनी. पिनेचं मी बोलायला हवं होतं, नियमाच्या आड लपलो." आणि त्यांचे डोळे भरून आले. "धूळ फार झालीय इथे," म्हणाले.

सगळ्यात जास्त लागलं ते बटणांचं. मला वाटलं होतं लाडात आलेत.

१९ मार्च

सकाळी बटणं लावली. रोजच्यासारखी. खालून वर. काही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.

जेवताना एवढंच म्हटलं, "लिव्हर परत सात किलोवर आणलीय. आता हलवणार नाही."

"सीटवर बसणाऱ्याचा शब्द शेवटचा ना?"

"छत्री घडी करणाऱ्याचाही एक शब्द असतो."

ह्यांनी आमटी भातावर ओतली. मग म्हणाले, "आमटी छान झालीय." आमटीत मीठ नव्हतं.

२३ मार्च

मी का बोलत नाही ते स्वतःलाच सांगून ठेवते. बोलले तर हे ऐकतील, गाडीवर कापड टाकतील आणि आयुष्यभर असं समजतील की मी थांबवलं. मला ते नको. त्यांचं त्यांनी म्हणायला हवं.

पण समजा नाही म्हणाले तर? शुक्रवारी तपासणी आहे. डोळ्यांवर पट्टी, उजवा हात, सात किलो. ह्यांनी डाव्या हाताने काही चलाखी केली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर मी सगळ्यांसमोर तोंड उघडणार. ठरलं. मग हे मला काहीही म्हणोत.

भिंत आठवते सारखी. वाळूच्या पुढची.

२७ मार्च

आज माझा तोल गेला होता, तेही लिहायला हवं.

दुपारी शेडमध्ये कोणी नव्हतं. मी पॉलिश पेपर घेऊन गाडीच्या मागे जाऊन बसले. मनात आलं, किती लागतंय? थोडंसं घासलं तर चार किलो होईल. चार किलो ह्यांना जमलं होतं. उद्याची तपासणी पार पडेल, ह्यांना ते तीनशे मिळतील आणि मग आपोआप थांबतील. सहा वर्षं ज्याच्यासाठी झुरतायत ते माझ्या दोन मिनिटांच्या घासण्यावर अडलंय.

पिन काढून हातात धरली. मग काँक्रीटच्या जोडावरचा तो हिसका आठवला आणि पेपर कचऱ्यात टाकला. पिन पुसून जागेवर बसवली आणि तिथेच जमिनीवर बसून मनसोक्त रडले. ह्यांना तीनशे मिळू नयेत असं मला कधीच वाटलं नाही, देवाशपथ.

२८ मार्च, शुक्रवार

सावकाश लिहिते. एक शब्द सुटायला नको.

तपासनीस आले. आम्ही त्यांना भिंगवाले म्हणतो, कारण कपाळावर घड्याळजीसारखं भिंग असतं. त्यांनी घडी पाहिली, केबल बोटाने चाचपत मागपर्यंत गेले, पिन भिंगाखाली धरली. काटा लावला. "सात. उत्तम." मग वही उघडून माझी ती ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

हे सीटवर बसले. भावजींनी पट्टे आवळले. पट्टी मीच बांधली, माझ्या शिवणातल्या काळ्या कापडाची. गाठ मारताना ह्यांनी हळूच विचारलं, "तू कुठे उभी राहणार?"

"समोरच."

भिंगवाल्यांनी हाक दिली, "इंजिन बंद. छत्री!"

ह्यांचा उजवा हात उठला आणि सरळ लिव्हरवर गेला. केसाचाही फरक नाही. बोटं मिटली. दंड ताठ झालेला मला सूटमधूनही कळला. लिव्हर हलली नाही.

"परत."

परत तेच. दोन बोटं लिव्हरवरून सुटून बाहेरच राहिली. आणि मग ह्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून उठला. मी तोंड उघडलं.

डावा हात लिव्हरकडे गेलाच नाही. तो वर गेला आणि डोळ्यांवरची पट्टी खाली ओढली.

हे माझ्याकडे बघत होते, पण बोलले भिंगवाल्यांशी. "साहेब, लिव्हर बरोबर आहे. जागा बरोबर, ओढही बरोबर. माझ्या हातात जोर नाही. सात-आठ महिने झाले. ही दर वेळी नीट करून द्यायची आणि मी जड आहे, जड आहे म्हणत राहिलो. मी खोटं बोललो म्हणून हिने पिन सैल केली. ती वहीतली ओळ खोडा."

भिंगवाले म्हणाले, "वहीतली ओळ खोडता येत नाही. खाली दुसरी लिहिता येते."

"मग लिहा."

त्यांनी लिहिलं. मी नंतर वाचलं. "जोडणीत दोष नाही. चालकाचा हात अशक्त. चालकाने स्वतः सांगितले." आणि ह्यांनी खाली सही केली, उजव्या हाताने, लहान मूल करतं तशी वाकडीतिकडी. बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

"मग यंदा गाडी कोण चालवणार?" भिंगवाल्यांनी विचारलं.

भावजींनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याकडे बघू नका, मला सीटमधून काढायला कटर लागेल."

सगळे हसले. हेही हसले. मग म्हणाले, "कोणी नाही. यंदा छत्री उघडली असं समजा."

२९ मार्च

भांडले. पोटभर. दोन आठवड्यांचं साठलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घडी घालताना गुणगुणतेस. तुला ठाऊकही नसेल. सव्वीस वर्षं मी ते ऐकूनच सीटवर बसतो. तुला कळलं असतं तर ते बंद पडलं असतं."

"आणि भिंतीत गेला असतात तर काय मी गाणी म्हणत बसले असते?"

ह्यांनी पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "तू वहीत ते लिहिलंस ना, चूक जोडणाऱ्याची, त्या दिवसापासून मला झोप नाही. मला भिंतीची भीती वाटली नाही. त्या ओळीची वाटली."

मी म्हटलं, "आणि बटणं? तेव्हा म्हणालात, दिवस चांगला जातो. तेही खोटंच?"

"ते खोटं नव्हतं गं."

मला खरं वाटलं नाही. पण भांडण तिथेच थांबवलं, कारण दूध उतू गेलं.

६ एप्रिल

शर्यत झाली. आम्ही गेलो नाही. हे दिवसभर अंगणात बसून होते आणि अधूनमधून मनगटावरच्या घड्याळात बघत होते. मी शेजारी बसून झेब्र्याचे पट्टे शिवले.

११ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, कोपरापाशी नस दाबली गेलीय. फार उशीर केलात. ऑपरेशन छोटं आहे, पण गेलेला जोर किती परत येईल ते सांगता येत नाही. यायचा तर महिनोन् महिने लागतील. हे म्हणाले, "सात किलो येईल का?" डॉक्टरांना काही कळलं नाही. मी त्यांना सगळी गोष्ट सांगत बसले, बाहेर रांग लागली होती.

२ मे

ऑपरेशन झालं. हाताला भलंमोठं बँडेज. भावजी रोज येतात आणि पेशंटची बिस्किटं खाऊन जातात.

१० जून

हुकाचा काटा आता स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला लटकतो. रोज सकाळी चहाआधी हे तो उजव्या हाताने ओढतात आणि मी आकडा वाचते. लिव्हरचे लिहायचे तसेच आता हाताचे लिहिते. आज एक किलो शंभर.

२८ जून

एक किलो नऊशे. लेक फोनवर होती, तिनेही टाळ्या वाजवल्या.

१९ जुलै

एक किलो आठशे. मागे गेला. हे दिवसभर त्या कडीकडे पाठ करून बसले. मीही आकडा वहीत लिहिताना मुद्दाम लहान लिहिला, जसं काही त्याने फरक पडणार आहे.

३० ऑगस्ट

तीन किलो दोनशे! भावजी म्हणतात, ती सैल पिन असती तर आता चालली असती. त्यांना लाटणं दाखवलं.

१४ सप्टेंबर

सकाळी मी आतल्या खोलीत गेले तर हे आरशासमोर उभे होते, शर्ट घालून. पाठ माझ्याकडे. खालची बटणं लागली होती. वरच्या बटणाशी झटापट चालली होती. करंगळी अजून नीट ऐकत नाही, बटण काजापर्यंत जायचं आणि सुटायचं. मी दारातच थांबले. मदतीला जावंसं वाटलं, इतकं की हात पदरात गुंडाळून ठेवले. पुढे झाले नाही. उगाच खोकलेही नाही.

बराच वेळ गेला. चहा गॅसवर उकळून आटला असणार. शेवटी बटण काजात शिरलं. ह्यांनी आरशात स्वतःकडे पाहिलं, छाती थोडी पुढे काढली. तेव्हा मी दिसले.

"लागलं," म्हणाले.

"बघितलं," मी म्हटलं.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, खूप झाला. पण खरं सांगायची ही वही आहे, म्हणून सांगते. थोडं वाईटही वाटलं. म्हटलं, संपलं आपलं सकाळचं काम.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच हाताने, त्याच तीन किलोच्या हाताने, सगळी बटणं एकेक करून सोडली. वरून खाली. आणि येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"लाव गं," म्हणाले.